न दिसलेल्यांची मोजदाद

एखाद्या माळरानात उंदीर किती असतील, हा प्रश्न ऐकायला सोपा आहे. पण मोजायला बसलं की लगेच अडचण कळते. आज वीस दिसले, उद्या चाळीस दिसले, म्हणजे एका रात्रीत दुप्पट झाले का? की आज पाऊस होता म्हणून निम्मे बिळाबाहेरच आले नाहीत? असलेल्यांपैकी किती जण आपल्याला दिसतात, हे प्रमाण ठाऊक नसेल तर दिसलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. आज मी ज्या पद्धतीबद्दल बोलणार आहे, ती या प्रमाणालाच हात घालते. तिला मार्क-रिकॅप्चर म्हणतात: पकडा, खूण करा, सोडा आणि काही दिवसांनी पुन्हा पकडा.

हिशोब असा. पहिल्या खेपेला ६० उंदीर पकडले, खुणा केल्या, सोडून दिले. ते इतरांत मिसळले. दुसऱ्या खेपेला ५० सापडले, त्यांपैकी १५ खुणेचे निघाले, म्हणजे तीस टक्के. मग सगळ्या वस्तीतही तीस टक्के उंदीर खुणेचे असावेत. खुणेचे एकूण ६०, आणि ६० म्हणजे तीस टक्के, तर वस्ती २०० ची. जे १४० उंदीर पहिल्या खेपेला आपल्या हाती लागलेच नाहीत, त्यांची गणती आपण हाती लागलेल्यांकडून करून घेतली. मला यातलं हे सगळ्यांत सुंदर वाटतं.

कल्पना जुनी आहे. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८०२ मध्ये याच तर्काने फ्रान्सची लोकसंख्या काढली होती. काही गावांत माणसं किती आणि वर्षाला जन्म किती हे गुणोत्तर घेतलं, ते देशभरातल्या जन्मांच्या नोंदींना लावलं आणि उत्तर आलं सुमारे २ कोटी ८३ लाख. प्राण्यांकडे ही कल्पना आली ती १८९० च्या दशकात, डेन्मार्कचा मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन याने तिथल्या लिमफ्योर्ड या खाडीतल्या प्लेस जातीच्या चपट्या माशांना खुणा लावल्या तेव्हा. पुढे १९३० मध्ये अमेरिकेत लिंकनने बदकांच्या पायात खुणेसाठी घातलेल्या आणि शिकाऱ्यांनी परत पाठवलेल्या कड्यांवरून बदकांची संख्या मांडली. आज त्या साध्या सूत्राला लिंकन-पीटरसन असंच नाव आहे.

आता या २०० वर किती भरवसा ठेवायचा? लहान नमुन्यांसाठी चॅपमन या संख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये सूत्रात सुधारणा केली. तिने उत्तर येतं १९३, आणि खरी संख्या साधारण १३० ते २६० यांमध्ये कुठेतरी असावी असं निघतं. पल्ला मोठा आहे, पण तो प्रामाणिक आहे. खुणेचे १५ ऐवजी ३ च सापडले असते तर काय झालं असतं बघा. साध्या सूत्राने उत्तर १०००. तिथे आणखी एकच खुणेचा उंदीर पिंजऱ्यात शिरला असता तर ७५०, आणि एक कमी शिरला असता तर १५००. एका उंदराच्या येण्याजाण्याने शेकड्यांनी हलणारा आकडा पल्ल्याशिवाय सांगणं मला गैर वाटतं. सारी ताकद पुन्हा सापडलेल्यांच्या संख्येत असते. ती तुटपुंजी असेल तर गणित कितीही भारी वापरा, उपयोग नाही.

पण खरी मेख गणितात नाही, प्राण्यांच्या स्वभावात आहे. आपण धरून चालतो की खुणेचा आणि बिनखुणेचा, दोघेही सापडण्याची शक्यता सारखीच. उंदराला हे कोण सांगणार? पिंजऱ्यात दाणे मिळतात हे एकदा कळलं की काही जण सोकावतात, रोज येऊन बसतात. मग खुणेचे जास्त सापडतात आणि वस्ती आहे त्याहून लहान दिसते. काही जण उलट बुजतात, पुन्हा पिंजऱ्याच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत, आणि वस्ती उगाच फुगते. याहून अवघड म्हणजे मुळातला फरक: काही जनावरं धीट, काही भित्री, नर लांबवर फिरतात, पिलांजवळची मादी फिरत नाही. धीट तेच दोन्ही खेपांना सापडतात, भित्रे हिशोबात येतच नाहीत, आणि आकडा खाली ओढला जातो. म्हणून दोन खेपांवर भागत नाही. अनेक रात्री सापळे लावायचे आणि प्रत्येक प्राण्याचा इतिहास लिहायचा: सापडला, नाही, नाही, सापडला. त्या इतिहासावरूनच सोकावलेले आणि बुजलेले ओळखू येतात.

खूण गळून पडली तरी घोटाळा होतो. १५ पैकी तिघांची खूण पडली असेल तर मोजणारा १२ धरतो आणि उत्तर २५० वर जातं. यावरचा उपाय मला फार आवडतो: प्रत्येकाला दोन खुणा लावायच्या. एकच उरलेले किती आढळतात, त्यावरून दोन्ही गमावलेले किती असतील ते काढता येतं.

हे सगळं थोड्या दिवसांच्या मोजणीसाठी. वर्षानुवर्षं मोजायचं तर जन्म-मृत्यू आणि ये-जा आलीच. त्यासाठीची मॉडेल्स कॉर्मॅकने १९६४ मध्ये आणि जॉली व सीबर यांनी १९६५ मध्ये दिली. त्यांतून किती प्राणी वर्ष काढून जगले, हे प्रमाणही मिळतं. संवर्धनात पुष्कळदा संख्येपेक्षा हेच जास्त मोलाचं असतं.

आणि खुणेने प्राण्याचंच नुकसान होत असेल तर? किंग पेंग्विनच्या पंखाला धातूचा पट्टा लावायची जुनी रीत होती. दहा वर्षांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टा असलेल्यांना ३९ टक्के कमी पिलं झाली आणि त्यांचं जगण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. आपल्या मोजण्याने एखाद्या जीवाचं आयुष्य आखूड होत असेल तर ती मोजणी थांबवली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय तो आकडाही खोटाच, कारण तो पट्ट्याखाली दबलेल्या पक्ष्यांचा असतो.

म्हणूनच जन्मजात खुणा इतक्या मोलाच्या. हंपबॅक देवमाशाच्या शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. वाघाचे पट्टेही तसेच. वन्यजीव शास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून वाघांसाठी ही पद्धत वापरली. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे एकसारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. भारताच्या २०१८ च्या गणनेत २६ हजारांहून जास्त ठिकाणी कॅमेरे होते आणि त्यांत २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखता आले. एकूण अंदाज निघाला २,९६७, आणि त्याचा पल्ला होता २,६०३ ते ३,३४६. मधलाच आकडा तेवढा तोंडोतोंडी झाला. कुठल्याही दोन गणनांत आकडा शे-दोनशेने वर-खाली झाला तर वाघ खरंच वाढले की घटले, हे या पल्ल्याकडे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

शेवटी एका नव्या वाटेबद्दल सांगतो. समुद्रातला टूना मासा बहुधा मेल्यावरच हाती येतो, त्याला पुन्हा कुठून पकडणार? सदर्न ब्लूफिन जातीच्या टूनासाठी ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी डीएनए वापरला. प्रत्येक पिलाच्या जनुकांत त्याच्या आई-बापाची खूण असते. पकडलेल्या पिलांचे आई-बाप पकडलेल्या प्रौढांत किती भेटतात, हे पाहायचं. समुद्रात प्रौढ जितके जास्त, तितक्या अशा पिलू-पालकांच्या जोड्या कमी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात हजारो माशांमधून ४५ जोड्या मिळाल्या आणि त्यांवरून प्रौढांची संख्या निघाली. तिथेही सगळे सारखे नसतातच. मोठी मादी जास्त अंडी घालते, म्हणून तिची पिलं नमुन्यात जास्त येतात. त्यामुळे प्रत्येक प्रौढाचं वय आणि आकार हिशोबात धरावाच लागतो.