स्ट्यू, स्लो कुकर आणि मावशीची बाटली

नमस्कार मंडळी! आज आपला विषय आहे बीफ स्ट्यू, स्लो कुकरमधला, आणि ग्लुटेन-फ्री. ज्यांच्याकडे बीफ चालत नाही त्यांनी लगेच स्टेशन बदलू नका हं, मटण घ्या, पद्धत तीच राहते, आणि मावशीची गोष्ट तर सगळ्यांनाच चालण्यासारखी आहे.

आधी कुकरबद्दल थोडं. आपण शिकागोवाले आहोत म्हणून सांगते, हा स्लो कुकर ज्याने काढला तो अर्व्हिंग नॅक्सन इथलाच. त्याची आई लिथुएनियाची. ती लहानपणीची आठवण सांगायची, की शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायच्या आधी मांस आणि बीन्स भरलेलं भांडं बेकरीत नेऊन ठेवायचं, बेकरीची भट्टी विझत आलेली असायची पण ऊब रात्रभर टिकायची, आणि दुसऱ्या दिवशी चोलंट, म्हणजे त्यांचा तो मांस-बीन्सचा स्ट्यू, तयार. त्यावरून ह्याने विजेवरचं भांडं केलं, 1940 मध्ये पेटंट मिळालं, नाव ठेवलं नॅक्सन बीनरी. पुढे रायव्हल कंपनीने ते विकत घेतलं आणि 1971 मध्ये क्रॉकपॉट म्हणून बाजारात आणलं. आता गंमत बघा, त्या चोलंटमध्ये बरेचदा जव असतात, म्हणजे ह्या भांड्याचा मूळ पुरुषच ग्लुटेनवाला!

ग्लुटेन म्हणजे धान्यातलं एक प्रथिन. कशात असतं? गहू, जव आणि राय. एवढंच लक्षात ठेवा, गहू, जव, राय. सिलिअ‍ॅक हा आजार असेल तर ही नुसती अ‍ॅलर्जी नाही, ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं, त्यामुळे "थोडंसं चालतं गं" असं काही नसतं. ह्यात फॅशन म्हणून ग्लुटेन सोडणारे वेगळे, त्यांच्याबद्दल मला काही बोलायचं नाही, पण पाण्याच्या बाटलीवरसुद्धा ग्लुटेन-फ्री लिहून दोन डॉलर जास्त घेणाऱ्यांबद्दल बोलायचंय, ते पुन्हा कधीतरी.

तर मावशी.

माझी सून विस्कॉन्सिनची. तिला सिलिअ‍ॅक. लग्नाच्या आधीच आमच्या मुलाने तिला चार मराठी शब्द पाठ करून घेतले होते, गहू, रवा, मैदा, सातू. "कशी आहेस" नंतर शिकली, आधी हे. कारण आमच्याकडे जेवायला बोलावतात ती माणसं प्रेमाने खाऊ घालतात आणि प्रेमात काय घातलंय ते सांगत नाहीत.

त्या हिवाळ्यात माझी मावशी वसईहून आली होती. वसईची म्हणजे आमची ख्रिस्ती मंडळी, येताना बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त. आणि त्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली, वर दोन साड्या, अशी एक बाटली. बाटली मसाला! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मे महिन्यात मिरच्या, धणे, हळद सगळं उन्हात वाळवायचं, एकेक जिन्नस वेगवेगळा भाजायचा, कांडायचं, आणि गडद काचेच्या बियरच्या बाटल्यांत ठासून भरायचं म्हणजे उजेड लागत नाही, रंग उडत नाही. वर्षभर पुरतो. विमानतळावर त्या बाटलीकडे बघून ऑफिसरने "हे काय" विचारलं तर मावशी म्हणाली "मेडिसिन", आणि मला विचाराल तर ते काही खोटं नव्हे.

रविवारी सूनबाई आणि मुलगा जेवायला येणार. मी सकाळीच स्ट्यू लावला, लो वर, आठ तास. झाकण ठेवलं आणि मावशीला सांगितलं, हे उघडायचं नाही. ती म्हणाली बरं. आता बघा, जिने आयुष्यभर शिट्ट्या मोजून मांस शिजवलं तिच्यासमोर एक भांडं नुसतं गप्प बसलंय, ना शिट्टी, ना खदखद, तिला कसं बरं वाटेल? थोड्या थोड्या वेळाने येऊन काचेच्या झाकणातून आत वाकून बघायची. "काय गो बाय, हे शिजतंय का झोपलंय?" मग म्हणाली, आमच्याकडे आता म्हशीचंच मिळतं, तेसुद्धा एवढा वेळ घेत नाही. खरंय, महाराष्ट्रात गाय आधीपासूनच बंद होती, 2015 च्या कायद्यापासून बैलही बंद, मोठ्याचं म्हणजे म्हशीचंच. पण तो वेळ जनावराचा नव्हता, भांड्याचा होता, हे तिला पटेना.

दुपारी मी चर्चमध्ये गेले मिस्साला. घरी मावशी आणि माझा नवरा. नवरा फुटबॉल बघत होता, म्हणजे घरी असून नसल्यासारखाच, आमच्या शिकागोच्या बेअर्सची मॅच असली की आमच्या घराला आग लागली तरी जाहिरातीच्या ब्रेकमध्येच विझेल.

संध्याकाळी आले तर घरभर असा वास! मला वाटलं वा, थाइम काय सुंदर उतरलंय. झाकण उघडलं तर रस्सा लालभडक. मावशी ओट्याला टेकून उभी, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "पाणी-पाणी होतं गो. दोन चमचे घातला फक्त." मी म्हटलं ठीक आहे, स्ट्यूचा इंद्याल, म्हणजे आमचा मसालेदार मांसाचा रस्सा, झाला, चव तर छान लागेल. वाढलं. सगळे बसले. सूनबाईने चमचा भरला, फुंकर घातली, आणि माझ्या नवऱ्याने, नेमकं तेव्हाच मावशीला खूश करायला विचारलं, मावशी, मसाला कसा करता हो?

मावशीला कुणी हे विचारलं की ती हात पुसून नीट बसते. सुरू झाली. काश्मिरी मिरच्या इतक्या, बेडगी इतक्या, धणे, जिरं, तीळ, खसखस, नागकेशर, दगडफूल, बोटं मोडत मोडत, आणि मग म्हणाली, "आणि दाटपणाला चणे भाजून नि गहू..."

सूनबाईचा चमचा तोंडापासून दोन बोटांवर थांबला. अख्ख्या वाक्यातला तिला तेवढाच शब्द कळला होता! आम्ही बाकीचे अजून दगडफुलावर होतो. तिने चमचा ताटलीत ठेवला, ताटली हळूच पुढे सरकवली आणि मावशीकडे बघून म्हणाली, "गहू?"

मावशी म्हणाली, "हो, भाजलेला." जणू भाजलेला असला की चालतो.

मग काय, सूनबाईने भात आणि अंडी खाल्ली, आम्ही तो लाल स्ट्यू पातेलं पुसून खाल्ला, आणि चव, सांगू का, कमाल होती. मावशी मात्र त्या रात्री जेवली नाही नीट. पण तिचं रडणं-बिडणं काही नाही हं, ती कामाची बाई. पुढच्या मे महिन्यात वसईला मसाला दोन भागांत झाला, एक नेहमीचा, एक नुसत्या चण्यांचा, आणि बिनगव्हाच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा. कांडायलाही तोच आधी घेतात, उखळ धुऊन, मग गहूवाला. हे तिला कुणी शिकवलं नाही, तिचं तिने काढलं. इथे मोठमोठ्या रेस्टॉरंटांना हे कळत नाही, एकाच फ्रायरमध्ये सगळं तळतात आणि मेन्यूवर जीएफ, म्हणजे ग्लुटेन-फ्री, छापतात.

तर मुद्दा काय, पॅकेट वाचा. तयार मसाला, तयार स्टॉक, स्टॉकच्या वड्या, सोया सॉस, सगळं वाचा. आपला हिंग वाचा! डबीतल्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. वूस्टर सॉसचं तर असं आहे की ली अँड पेरिन्सची अमेरिकेतली बाटली चालते, इंग्लंडमधली नाही, कारण तिथे माल्ट व्हिनेगर वापरतात, आणि माल्ट म्हणजे बहुतेक जवच. आणि इथल्या कायद्याने लेबलवर गहू सांगावाच लागतो पण जव सांगायची सक्ती नाही, म्हणून माल्ट शब्द दिसला की पॅकेट परत ठेवा. पुन्हा सांगते, माल्ट दिसलं की परत ठेवा.

बापरे, काचेपलीकडून मला घड्याळ दाखवतायत. कृती भराभर घ्या, तुम्हाला कांदा परतायला मी शिकवायला नको. चक रोस्ट, म्हणजे खांद्याकडचं मांस, तीन पाउंड. दुकानात स्ट्यू मीट म्हणून कापलेलं मिळतं ते घेऊ नका, त्यात कुठले कुठले तुकडे असतात, एक मऊ होतो तर दुसरा चामडं राहतो. चकमध्ये कोलॅजन भरपूर, ते सावकाश विरघळतं म्हणून मांस सुटतं. दीड-दोन इंचाचे तुकडे, कोरडे पुसून, मीठ-मिरी लावून तव्यावर थोडे थोडे करून चांगले लाल करा, मैद्यात घोळवायचं नाही, काही अडत नाही. कुकरमध्ये मांस लाल होत नाही, म्हणून हे आधीच. बटाटे-गाजर तळाला, ते मांसापेक्षा उशिरा शिजतात. वर मांस, परतलेला कांदा-लसूण, दोन टेबलस्पून टोमॅटो पेस्ट, तमालपत्र, थाइम, स्टॉक दोन कप फक्त, कारण वाफ बाहेर जात नाही. गोठलेलं मांस तसंच टाकायचं नाही, ते फार वेळ कोमट राहतं आणि त्यात जंतू वाढतात. लो वर आठ तास, हाय वर चार-पाच. आणि झाकण उघडायचं नाही! एकदा उघडलं की वीस-तीस मिनिटं वाढली. मावशी असली तरी उघडायचं नाही.

दाटपणासाठी दोन टेबलस्पून कॉर्नस्टार्च पाव कप गार पाण्यात कालवून शेवटच्या अर्ध्या तासात, कुकर हाय वर. आधी घातलं तर इतक्या तासांत परत पातळ होतं. कॉर्नस्टार्च नसेल तर तांदळाचं पीठ चालेल, किंवा दोन बटाटे आतच चेचा. मटार अगदी शेवटच्या दहा मिनिटांत, नाहीतर रंग जातो. ब्रेडऐवजी खाली भात घ्या. चला, पुढे बातम्या आहेत, नमस्कार.