चालता चालता बंद पडणाऱ्या जुन्या गाडीचा दोष कसा शोधावा

(सोलापुरातील वाहनधारक आणि तरुण मेकॅनिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

अजिबात सुरू न होणारी गाडी दुरुस्त करणे हे तुलनेने सोपे काम आहे. तिचा दोष आपल्यासमोर कायम असतो आणि आपण हवा तितका वेळ घेऊन त्याच्यामागे लागू शकतो. खरा कस लागतो तो अक्कलकोट रस्त्यावर धावता धावता अचानक बंद पडणाऱ्या, पंधरा-वीस मिनिटांनी पहिल्याच सेल्फला सुरू होणाऱ्या आणि गॅरेजमध्ये नेल्यावर दोन तास निमूटपणे चालणाऱ्या गाडीशी. मेकॅनिक म्हणतो, गाडीत काहीच नाही. आणि त्या घटकेपुरते त्याचे म्हणणे खरेही असते. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की अशा गाडीचा दोष ती बंद असते तेवढ्याच वेळात सापडतो, आणि त्या वेळी तिच्याजवळ मेकॅनिक नसून चालक असतो. त्यामुळे निम्मा तपास चालकाला करावा लागतो आणि उरलेला निम्मा त्याने नेमके काय पाहिले यावर अवलंबून राहतो. आपल्या शहरात यंत्रमाग थांबला की विणकर तो लगेच पुन्हा चालू करत नाही, आधी कुठला धागा तुटला ते बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण घाईघाईने सेल्फ मारत राहतो आणि ती सुरू झाली की हायसे वाटून निघून जातो; दोषाचा पुरावा तिथेच नाहीसा होतो.

तपासाआधी सुरक्षिततेचे दोन शब्द सांगितले पाहिजेत. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोन वेळा पेडल दाबेपर्यंतच शिल्लक राहते आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जड होते. अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच दाबून धरावा आणि गाडी डाव्या बाजूला रस्त्याखाली घ्यावी. गाडी चालत असेपर्यंत चावी शेवटच्या खाचेपर्यंत मागे फिरवू नये, कारण तिथे स्टिअरिंग लॉक होते. पुणे-हैदराबाद महामार्गावर अवजड वाहनांची वर्दळ लक्षात घेता चारही इंडिकेटर लावणे आणि त्रिकोण मागे पुरेशा अंतरावर ठेवणे हे बॉनेट उघडण्यापूर्वी करावयाचे काम आहे.

आता बंद पडण्याच्या त्या क्षणाकडे वळू. इंजिन कसे बंद पडले हा पहिला आणि सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. कोणीतरी चावी फिरवावी तसे ते एका झटक्यात गेले असेल, तर संशय विजेकडे जातो: इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी दाबाची वीज तयार करणारी), क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे हे कळवणारा), मुख्य रिले (विजेवर चालणारा स्विच), चावीचा स्विच किंवा अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाची धातूशी जोडणी). उलट गाडीने आधी गचके खाल्ले, एक्सलेटर दाबूनही ओढ कमी होत गेली आणि मग ती विझली असेल, तर इंधन पुरेसे पोहोचत नाही असे समजावे. आरपीएमचा काटा असलेल्या गाडीत आणखी एक खूण मिळते. गाडी गिअरमध्ये आहे आणि क्लच दाबलेला नाही, अशा स्थितीत इंजिन विझले तरी चाके ते फिरवतच असतात. बहुतेक गाड्यांत हा काटा इग्निशनच्या किंवा क्रँक सेन्सरच्या संकेतावर चालतो. त्यामुळे इंजिन फिरत असतानाही तो एकदम शून्यावर पडला, तर तो संकेतच तुटलेला असण्याची शक्यता मोठी; आणि काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला, तर बहुधा इंधनाचा भाग तपासावा लागतो. हे पाहण्याची संधी दोन-तीन सेकंदांचीच असते, म्हणून दोष येणारच आहे हे माहीत असलेल्या चालकाने आधीपासून काट्यावर नजर ठेवावी.

दुसरा प्रश्न परिस्थितीचा. फक्त सिग्नलला, एक्सलेटर सोडल्यावर बंद पडणारी गाडी आणि चढावर भार असताना बंद पडणारी गाडी यांचे दोष सहसा वेगळे असतात. पहिलीत थ्रॉटल बॉडीवरील (हवा आत सोडणाऱ्या झडपेवरील) कार्बन, स्लो म्हणजे एक्सलेटर सोडल्यावरचा इंजिनचा वेग सांभाळणारा व्हॉल्व्ह किंवा कुठेतरी फाटलेली व्हॅक्यूमची नळी सापडते; ब्रेक दाबल्यावरच बंद पडत असेल, तर ब्रेक बूस्टरची नळी आणि त्याचा पडदा आधी तपासावा. दुसरीत फिल्टर, पंप आणि टाकीतील जाळी यांचा विचार करावा. खड्ड्यात आदळल्यावर किंवा चावीला मोठा जुडगा लटकत असताना बंद पडणाऱ्या गाडीत सैल कनेक्टर आणि झिजलेला चावीचा स्विच शोधावा. सप्टेंबरच्या पावसातच त्रास देणाऱ्या गाडीत प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरचे (ठिणगीची वीज प्लगांना वाटणाऱ्या भागाचे) झाकण अंधारात पाण्याचा बारीक फवारा मारून पाहावे. तडे गेलेले असतील तर ठिणग्या डोळ्यांना दिसतात.

सोलापुरात मात्र या सगळ्यांहून उष्णतेचा दोष अधिक विचार करण्याजोगा आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथले तापमान चाळिशीच्या वर जाते आणि बॉनेटखाली ते त्याहून कितीतरी अधिक असते. शिवाय गाडी उभी करून इंजिन बंद केल्यावर पहिली काही मिनिटे बॉनेटखालची उष्णता कमी होत नाही, वाढते, कारण वारा थांबतो, रेडिएटरमधले पाणी फिरायचे थांबते आणि इंजिनच्या धातूत साठलेली उष्णता आजूबाजूच्या भागांत उतरते. म्हणून तुळजापूरचा घाट नीट चढून गेलेली गाडी वर चहाला थांबल्यावर पुन्हा सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन दोन किलोमीटरवर बंद पडते. क्रँक सेन्सरच्या किंवा कॉइलच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. ती तार आतून तुटलेली असली तर थंड असताना तिची टोके टेकलेली राहतात, तापल्यावर प्रसरणाने दूर जातात आणि निवल्यावर पुन्हा टेकतात. जुन्या रिलेमध्ये किंवा इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात) सुटलेला डाखही असाच वागतो. अशा भागाचे थंड गाडीवर घेतलेले माप अगदी योग्य येते, आणि त्या मापावर विसंबून मेकॅनिक तो भाग संशयातून वगळतो. माझ्या मते उन्हाळ्यात होणाऱ्या चुकीच्या निदानांचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

इंधनालाही उष्णता तितकीच बाधते. १९८३ साली आलेली मारुती ८०० आणि तिच्या काळातल्या बहुतेक मोटारी कार्ब्युरेटरवर चालत. २००० सालाच्या आसपास उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तशी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारण्याची पद्धत रुळली. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनवर बसवलेला पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढीमुळे नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोलची वाफ लवकर होते, आणि वाफेने भरलेल्या नळीतून पंपाला पेट्रोल मिळत नाही. एमपीएफआय गाडीचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल ढकलतो. अनेक गाड्यांत हा दाब सुमारे ३ बार असल्याने नळीत वाफ होण्याचा त्रास फारसा राहत नाही. पण तो पंप स्वतः भोवतालच्या पेट्रोलने थंड राहतो. एलपीजी किंवा सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे मालक टाकीत नेहमी रिझर्व्हपुरतेच पेट्रोल ठेवतात, आणि मग पेट्रोलवर चालवायची वेळ आली की तापलेला, झिजलेला पंप मध्येच मान टाकतो. अशा गाडीत किट बसवताना तोडून जोडलेल्या वायरी हाही स्वतंत्र संशयित असतो. नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचा विषय आपल्या जिल्ह्यात टाळता येत नाही, कारण उसाचे कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या आपल्या शेजारीच आहेत. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली आणि टाकीत पाणी पुरेसे जमले तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पंप तर तळातूनच ओढतो. जुन्या टाकीत साचलेला मळ इथेनॉलमुळे सुटून फिल्टरमध्ये येतो आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या फुगतात किंवा चिरतात. मात्र प्रत्येक बंद पडणाऱ्या गाडीचे खापर इथेनॉलवर फोडण्याची जी टूम निघाली आहे, ती तपासाच्या आड येते. काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचे पेट्रोल घेऊन तासभर ठेवले तर थर वेगळे झालेले दिसतात. दिसले नाहीत तर पुढे जावे.

गाडी बंद पडून उभी आहे आणि आपल्याकडे वीस मिनिटे आहेत, असे समजा. ज्याला हा छडा लावायचा आहे त्याने डिकीत एक मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, एक स्पार्क टेस्टर, जाड फडके आणि पाण्याची बाटली ठेवावी. इंजेक्शनच्या गाडीत चावी चालू करताच चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि मागच्या सीटखालून पंपाची साधारण दोन सेकंद घुरघुर ऐकू आली पाहिजे. दोन्ही नसतील तर मुख्य रिले, फ्यूज, चावीचा स्विच किंवा कंट्रोल युनिटचा पुरवठा पाहावा. सेन्सरकडे जाण्याचे कारणच उरत नाही. दिवा आहे पण घुरघुर नाही, तर पंपाचा रिले, त्याची वायर आणि खुद्द पंप राहतो. अशा वेळी टाकीच्या बुडाला हाताने थोपटल्यावर गाडी सुरू झाली तर पंपाच्या मोटरचे कार्बन झिजले आहेत असे समजावे. दोन्ही ठीक असतील तर सेल्फ मारताना ठिणगी आहे का ते स्पार्क टेस्टरवर पाहावे. प्लगची वायर हातात धरून पाहण्याची जुनी पद्धत धोक्याची आहे, आणि जवळ पेट्रोलचा वास असेल तर ही चाचणी करूच नये. ठिणगी नाही आणि इंजेक्टरलाही संकेत नाही, म्हणजे इंजिन फिरते आहे हे कंट्रोल युनिटला कळतच नाही. तिथे क्रँक सेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप (तेच काम करणारा सेन्सर) जवळजवळ पकडला गेला असे म्हणता येते. फक्त ठिणगी नसेल तर कॉइल आणि तिला चालू-बंद करणारा इग्नायटर. ठिणगी आहे, संकेत आहे, तरी गाडी घेत नसेल तर टाकीचे झाकण उघडावे: हवा आत खेचल्याचा मोठा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर झाकणाचे किंवा टाकीच्या हवेच्या नळीचे छिद्र बुजलेले असते.

उष्णतेचा संशय पक्का करण्याचा उपाय अगदी साधा आहे. चावी बंद करून संशयित भागावर ओले फडके ठेवावे. तापलेल्या इंजिनवर किंवा सायलेन्सरवर पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. एरवी वीस मिनिटे घेणारी गाडी दोन मिनिटांत सुरू झाली तर तो भाग खूण करून ठेवावा. गॅरेजमध्ये याच्या उलट करावे. चालू इंजिनवर त्याच भागाला केस वाळवण्याच्या यंत्राने गरम हवा द्यावी, कनेक्टर आणि वायरी हलवून पाहाव्यात, रिलेवर पेचकसाच्या मुठीने हलकेच टकटक करावे. दोष आपल्या हाताने आणता आला, तरच तो सापडला असे मी मानतो. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंत व्होल्टेज मोजले तर ते ०.१ व्होल्टच्या आसपास असावे, ०.२ च्या वर गेले तर अर्थिंगची पट्टी काढून, घासून पुन्हा आवळावी. या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत, म्हणूनच बहुधा ते कोणी करत नाही.

दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरबद्दल थोडेच सांगतो. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची यंत्रणा, २०१० नंतर टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत साधा स्कॅनर काही बोलतच नाही. जिथे बोलतो तिथेही कोड नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही, आणि पी ०३३५ हा कोड आला तरी तो क्रँक सेन्सरच्या सर्किटविषयी सांगतो. सर्किटात वायर आणि कनेक्टरही येतात. डिझेलच्या जुन्या जीपगाड्यांत ठिणगीचा प्रश्नच नाही. तिथे नळीत एअर धरणे, फिल्टरमधले पाणी आणि पंपावरील स्टॉप सोलेनॉइडची (इंधन तोडणाऱ्या विजेच्या झडपेची) सैल वायर या तीन गोष्टींत बहुतेक तपास संपतो.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले की गाडी वीस वर्षांची असेल तर एवढा शोध घेत बसण्यापेक्षा कॉइल, सेन्सर आणि पंप एकदमच बदलले तर काय हरकत आहे. हरकत खर्चाची आहेच, पण त्याहून मोठी हरकत वेगळी आहे. सेन्सर बदलताना त्याचा कनेक्टर काढून पुन्हा बसवला जातो, त्यात संपर्काची टोके घासून स्वच्छ होतात आणि दोष खरा कनेक्टरमध्ये असला तरी गाडी महिनाभर ठीक चालते. श्रेय नव्या सेन्सरला मिळते. महिन्याने गाडी पुन्हा बंद पडते तेव्हा सेन्सर तर नवाच आहे म्हणून तो भाग कोणी पाहत नाही. बाजारात मिळणारे सगळेच सुटे भाग चांगल्या प्रतीचे नसतात, त्यामुळे जुन्या दोषात नव्याची भर पडण्याचा संभवही असतो. म्हणून एका वेळी एकच भाग बदलावा आणि गाडी ज्या परिस्थितीत बंद पडत होती त्याच परिस्थितीत, म्हणजे दुपारच्या उन्हात, टाकीत तेवढेच पेट्रोल ठेवून, त्याच रस्त्यावर चालवून पाहावी. शोधासाठी मेकॅनिकचे दोन दिवस जाणार असतील तर त्या दोन दिवसांची मजुरी आधी ठरवून द्यावी, कारण शोधाचे पैसे मिळत नाहीत तोवर तो भाग बदलण्याकडेच वळणार. काढलेला जुना भाग भंगारात टाकू नये; तारीख लिहिलेली चिठ्ठी लावून तो डिकीत ठेवावा. नवा भाग बसवूनही गाडी तशीच बंद पडली, तर जुना चांगला होता हे ठरते आणि तो पुन्हा बसवता येतो.