बायोडिझेल भरण्याआधी टाकीचा तळ बघा: गाडी आणि बॉयलर

[टेबलावर काचेच्या दोन बरण्या, शेजारी एक नवा आणि एक काळा पडलेला डिझेल फिल्टर]

या दोन्ही बरण्यांत सारखाच पिवळसर द्रव दिसतोय. आता त्या तिरक्या करून बघू. डावीकडचं खाद्यतेल सावकाश ओघळतंय, उजवीकडचं बायोडिझेल मात्र सहज वाहतंय. वनस्पती तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट दाट असतं. त्यावर मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरून प्रक्रिया केली की ग्लिसरीन वेगळं होऊन तळाला बसतं आणि वर राहतं ते बायोडिझेल. तळणीचं तेल नुसतं गाळून टाकीत ओतलं तर ते नीट फवारलं जात नाही, अर्धवट जळतं, आणि नोझलवर, पिस्टनच्या रिंगांवर कार्बन साचतो. ते कृपया करू नका.

'बी' नंतरचा आकडा म्हणजे बायोडिझेलची टक्केवारी. बी-२० मध्ये २० टक्के बायोडिझेल. युरोपच्या ईएन ५९० मानकानुसार साध्या डिझेलमध्येच ७ टक्क्यांपर्यंत ते असू शकतं, म्हणजे अनेक जण नकळत वापरतच असतात. बी-२० पर्यंत बहुतेक डिझेल इंजिनांत काही बदलावं लागत नाही. तरी गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा आधी वाचा, कारण वॉरंटी तिच्यावर ठरते. लिटरमागे ऊर्जा शुद्ध बायोडिझेलमध्ये सुमारे ८ टक्के कमी असते, बी-२० मध्ये फरक एक-दोन टक्क्यांचा. चालवताना तो जाणवत नाही.

मग तक्रारी कुठून येतात?

[काळा फिल्टर कॅमेऱ्याजवळ]

इथून. बायोडिझेल चांगलं विद्रावक आहे. जुन्या टाकीच्या भिंतींवर आणि नळ्यांत वर्षानुवर्षं चिकटलेला चिकटा ते सोडवतं आणि सगळा गाळ फिल्टरवर येतो. चढावर गाडी दम टाकते, सकाळी सुरू व्हायला वेळ लावते, आणि दोष नव्या इंधनावर येतो. म्हणून टाकी जुनी असेल तर आधी तळातलं पाणी आणि गाळ काढून टाका. सुरुवात बी-५ ने करा, मग बी-१०, मग बी-२०. पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला आणि एक जादा फिल्टर गाडीतच ठेवा. टाकी एकदा धुऊन निघाली की ही कटकट थांबते.

मिश्रण घरी करत असाल तर हिशोब नीट करा. ५० लिटर बी-२० साठी १० लिटर बायोडिझेल आणि ४० लिटर डिझेल. पण डिझेलमध्ये आधीच ७ टक्के असेल तर १० नाही, फक्त ७ लिटर पुरतं. आधी डिझेल भरा, मग बायोडिझेल. ते जड असल्यामुळे खाली उतरता उतरता मिसळतं. फार थंड असताना ओतलं तर न मिसळता तळाशी थिजून बसतं.

थंडीचा मुद्दा मोठा आहे. सोयाबीनचं बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास गढूळ होऊ लागतं, पाम तेलाचं तर १३-१५ अंशांनाच. ते गढूळपण म्हणजे मेणासारखे स्फटिक, आणि ते फिल्टर बुजवतात. डिझेलसाठीची थंडीची रसायनं शुद्ध बायोडिझेलवर फारशी चालत नाहीत. विकत घेताना ते कशाचं आहे आणि कुठल्या तापमानाला गढूळ होतं, हे विचाराच.

आता इमारत गरम करणारा तेलाचा बॉयलर. इथेही तोच नियम, फक्त टाकी मोठी आणि गाळ जास्त. टाकी इमारतीबाहेर उघड्यावर असेल तर हिवाळ्यात टक्केवारी कमी ठेवा. जास्त टक्केवारीला पंपाच्या दांड्याचं नायट्राइल रबरचं सील फुगतं, मऊ पडतं आणि ठिबकू लागतं. तिथे फ्लोरोरबरचं सील हवं. तांबं आणि पितळ बायोडिझेलला लवकर खराब करतात, तेव्हा तांब्याच्या नळीवर जास्त टक्केवारीचं मिश्रण नको.

ज्योतीवर लक्ष ठेवणारा सेन्सर हा इथला खास मुद्दा. जास्त टक्केवारीच्या मिश्रणाची ज्योत कमी उजळ असते. सेन्सरला वाटतं ज्योत विझली, आणि तो बर्नर बंद करतो. अशा वेळी रीसेटचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. दर वेळी थोडं न जळलेलं तेल भट्टीत साचतं आणि पुढच्या ठिणगीला ते सगळं एकदम पेटतं. तंत्रज्ञाला बोलवा. इंधन बदललं की धुराची आणि ऑक्सिजनची मोजणी करून हवेची झडप पुन्हा लावून घ्यायची, कारण बायोडिझेलमध्ये वजनाच्या सुमारे ११ टक्के ऑक्सिजन आधीच असतो.

साठवणुकीबद्दल थोडक्यात: शुद्ध बायोडिझेल सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका. ते डिझेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतं, आणि पाणी सुटून तळाशी जमलं की तिथे जंतू वाढतात. टाकी भरलेली आणि सावलीत ठेवा.

धूर गाळणारा डीपीएफ असलेल्या गाडीत डिपस्टिकवर इंजिन ऑइलची पातळी वर सरकतेय का ते बघत जा. फिल्टर जाळून साफ करण्यासाठी काही इंजिनं सिलिंडरमध्येच उशिरा जादा इंधन सोडतात. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू जास्त, त्यामुळे ते ऑइलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. पातळी वाढली तर ऑइल ठरल्या वेळेआधी बदला.

आणि सांडलेलं पुसलेल्या चिंध्या. त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हवेशी संयोग होऊन त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. गाडीच्या रंगावर सांडलं असेल तर लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. रंगही ते सोडवतं.