फ्रीटाउनची छपरं

(दृश्य: उपग्रहातून दिसणारं फ्रीटाउन. डोंगरउतारावर एकमेकांना खेटलेली पत्र्याची छपरं.)

सिएरा लिओनच्या या राजधानीत घरमालकाला मालमत्ता कर भरावा लागतो. पण २०२० पूर्वी पालिकेच्या दफ्तरी मालमत्ता होत्या सुमारे ५७ हजार. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट. ज्या घराची नोंदच नाही, त्याला बिल कुठून जाणार? शिवाय आकारणी क्षेत्रफळावर. म्हणजे आलिशान बंगला आणि तेवढ्याच जागेवरचं साधं घर, दोघांचा कर जवळपास सारखा.

महापौर इव्होन अकी-सॉयर यांच्या कारकिर्दीत पालिकेने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून छपरं मोजून काढली. मग माणसं गल्लोगल्ली फिरली. भिंती कशाच्या? खिडक्या कशा? कुंपण आहे का? रस्ता कसा? प्रत्येक गोष्टीला गुण, गुणांवरून किंमत, किमतीवरून कर. साध्या घरांचा कर उतरला, बंगल्यांचा कितीतरी पटींनी चढला. चिकाटीचं, किचकट काम. शहराचा पैसा खरा उभा राहतो तो अशाच कामातून.

आणि केंद्र सरकारने वसुलीच थांबवली. ती पुन्हा सुरू व्हायला वर्षभर गेलं.

विकसनशील देशांत हे वारंवार घडतं. प्राप्तिकर, विक्रीकर, सीमाशुल्क, असे भरभक्कम कर केंद्राकडे जातात. शहराच्या वाट्याला येतो मालमत्ता कर, परवाना शुल्क आणि वरून येणारं अनुदान. ते कधी उशिरा येतं, कधी कापून येतं. आलेला पैसा पगार आणि कचरा उचलण्यातच संपतो. जलवाहिनी, सांडपाण्याचे नळ यांसाठी कर्जच काढावं लागतं. पण जागतिक बँकेच्या अंदाजानुसार, विकसनशील देशांतल्या ५०० मोठ्या शहरांपैकी जेमतेम ४ टक्के शहरांना आंतरराष्ट्रीय बाजारात पत आहे. देशांतर्गत बाजारातही २० टक्क्यांहून कमीच. शिवाय डॉलरमध्ये कर्ज मिळालं, तरी कर जमा होतो स्थानिक चलनात. ते घसरलं की हप्ता फुगतो.

(दृश्य: डकार. रस्त्याच्या कडेला मांडलेला माल.)

सेनेगलच्या डकारने पत कमावण्यासाठी काही वर्षं हिशेब नीट लावले, पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेचा दर्जा) मिळवलं. २०१५ मध्ये २० अब्ज सीएफए फ्रँकचे (सेनेगलचं चलन) कर्जरोखे विक्रीला काढायचे ठरले. त्यातून फेरीवाल्यांसाठी बाजार उभा राहणार होता. महापौर खलिफा साल हे राष्ट्राध्यक्षांचे राजकीय प्रतिस्पर्धी. रोखे बाजारात यायच्या तोंडावर केंद्राने दिलेली संमती मागे घेतली, आणि एकही रोखा विकला गेला नाही.