पेटीतले देव

श्रोतेहो, नमस्कार. हे भाषण रात्री उशिरा ठेवलंय. मुलं झोपली असतील तर बरं, नसतील तर त्यांना झोपवून या. गोष्ट मोठ्यांची आहे. वाह्यात माणसांची आहे, पण गोष्ट वाह्यात नाही.

आपल्याकडे मोहाच्या आणि लंपटपणाच्या गोष्टी कोण सांगणार? सिनेमावाले, नाहीतर पारावर बसणारे, अशी आपली समजूत. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवभट्टानं सूर्यवती राणीचं मन रमवायला 'कथासरित्सागर' लिहिला, आणि त्याच्या पहिल्याच लंबकात, म्हणजे खंडात, चौथ्या तरंगात, म्हणजे अध्यायात, ही उपकोशेची गोष्ट घातली. सोमदेवानं ज्या जुन्या ग्रंथावरून हा रचला, त्या मूळ बृहत्कथेचा कर्ता गुणाढ्य. तो सातवाहन राजाच्या पदरी होता, अशी आख्यायिका हाच ग्रंथ सांगतो. सातवाहनांची राजधानी पैठण, म्हणजे आपल्याकडचा धागा आहेच, गोष्ट मात्र पाटलिपुत्राची.

उपकोशेचा नवरा वररुची, मोठा पंडित. व्याकरणाच्या वादात पाणिनीपुढे हरला आणि मनाला लावून घेऊन हिमालयात तप करायला गेला. घरखर्चाचे पैसे हिरण्यगुप्त नावाच्या वाण्याकडे ठेव म्हणून ठेवले. बायको एकटी घरी. व्याकरणापायी घर सोडणारा नवरा मला या गोष्टीतला पहिला विनोद वाटतो, पण ते असो.

उपकोशा रोज गंगेवर स्नानाला जायची. तिथं तिच्यावर तिघांची नजर गेली. ते तिघं कोण, ते नीट ऐका. एक राजपुत्राचा सचिव, दुसरा राजपुरोहित, तिसरा दंडाधिप, म्हणजे आजच्या भाषेत पोलीसप्रमुखच म्हणा. सचिवानं तर तिला वाटेतच अडवलं. आता बाईनं तक्रार न्यायची कुणाकडे? राजवाड्यात, देवळात की चावडीवर? तिन्ही दारांत हेच तिघं उभे! गोष्टीतला काळोख खरा इथं आहे, हसू त्याच्यावर तरंगतं.

ती आरडाओरडा करत नाही. सचिवाला म्हणते, वसंतोत्सवाच्या रात्री पहिल्या प्रहरी या. पुढं पुरोहित भेटतो, त्याला दुसरा प्रहर. दंडाधिपाला तिसरा. घरी आल्यावर ठेवीतले थोडे पैसे हवेत म्हणून वाण्याकडे निरोप धाडते, तर तो येऊन एकांतात तेच मागतो. आधी तू, मग पैसे. ठेवीला साक्षीदार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याला शेवटचा प्रहर.

मग दासी कामाला लागतात. काजळीत तेल कालवतात आणि वर कस्तुरी घालतात. कस्तुरीवर मी फिदा आहे. ज्यानं लहानपणी कंदिलाची काच पुसली असेल त्याला काजळीचा वास माहीत असतो. सुगंध नसता तर सचिव पहिल्याच हाताला सावध झाला असता. जोडीला चार चिंध्या त्याच काजळीत भिजवून ठेवल्या, आणि बाहेरून कडी लागणारी एक मोठी पेटी.

सचिव आला. "आंघोळ केल्याशिवाय मी तुम्हाला शिवणार नाही," ती म्हणाली. अंधाऱ्या खोलीत दासींनी त्याचे कपडे-दागिने उतरवले, चिंधी नेसवली आणि उटणं म्हणून नखशिखांत काजळी चोळली. स्वारी खूश. चोळता चोळता दुसरा प्रहर झाला, दारात पुरोहित! "अहो, मालकांचे मित्र आले, पेटीत शिरा!" पुरोहिताचंही तेच, दंडाधिपाचंही तेच. आत तिघं एकमेकांना चिकटलेले, अंग अंगाला लागतंय, पण भीतीनं कुणी ब्र काढत नाही. सोमदेवाला इथं अंधतामिस्र, म्हणजे मिट्ट काळोखाचा नरक आठवतो.

शेवटी वाणी. त्याला मात्र दिव्याच्या उजेडात, पेटीजवळ बसवलं. "माझ्या नवऱ्याची ठेव द्या." खोलीत कुणी नाही असं बघून तो म्हणाला, देतो म्हटलंय ना. उपकोशा पेटीकडे वळून म्हणाली, "देवांनो, ऐका हं!" मग त्यालाही तीच आंघोळ. तोवर उजाडलं होतं. चिंधीतल्या वाण्याला दासींनी बाहेर ढकललं, आणि गल्लीतली कुत्री त्याच्या मागं लागली.

उपकोशा थेट नंद राजाच्या दरबारी. वाणी साफ नाकबूल. ती म्हणाली, माझे घरचे देव साक्षीला आहेत, पेटी मागवा. पेटी आली. "देवांनो, खरं ते सांगा आणि आपापल्या घरी जा. नाहीतर पेटी जाळते, किंवा भर सभेत उघडते." आतून तीन घाबरे आवाज आले: खरं आहे, याने आमच्यासमोर कबूल केलंय! राजाला उत्सुकता आवरेना. कडी काढली आणि काळोखाचे तीन गोळे बाहेर आले. सभा लोटपोट हसली. राजानं त्यांची मालमत्ता जप्त करून त्यांना हद्दपार केलं आणि उपकोशेला बहीण मानलं.

'तोंड काळं करणं' हा आपला वाक्प्रचार. घरोघरी तो बायकांवरच जास्त फेकला जातो. ही गोष्ट वाचली की मला दरवेळी त्या दासींचे हात दिसतात. त्यांनी तोच वाक्प्रचार चक्क कालवून, ज्याचा होता त्याला चोळला. शिवाय मागणारे स्वतःच्या पायांनी, नटूनथटून चोळून घ्यायला आले होते.

पेटीचं पुढं काय झालं, ते गोष्टीत नाही. माझी समजूत अशी की उपकोशेनं ती परत मागून घेतली असणार, उन्हात ठेवली असणार, आणि नवरा हिमालयातून येईपर्यंत तिच्यात पुन्हा अंथरुणं-पांघरुणं भरली असणार. वररुचीला रात्री कस्तुरीचा वास आला का, ते त्यालाच माहीत. नमस्कार.