बावीस वर्षांचा नाईक

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या कोल्हापूरकरांना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराचं नाव परकं नाही. राजाराम महाराज विलायतेहून परत येताना १८७० साली तिथं वारले. जेमतेम विशीतले होते. आर्नो नदीकाठी त्यांची छत्री आजही उभी आहे. त्यांची रोजनिशीही पुढं छापली गेली, म्हणून त्या प्रवासात महाराजांनी काय पाहिलं, कुणाला भेटले, हे आपल्याला वाचता येतं.

त्याच इटलीत पाऊणशे वर्षांनी आणखी एक मराठी तरुण पडला. नाईक यशवंत घाडगे, रायगडकडच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. नाईक हा फौजेतला हुद्दा. पोरगं बावीस वर्षांचं, म्हणून मी एकेरीतच बोलतो, मायेनं. तो पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधला. म्हणजे आपल्या शेजारच्या बेळगावच्या पलटणीचा.

१० जुलै १९४४, दुसरं महायुद्ध चाललेलं. टायबर नदीचं वरचं खोरं, डोंगराळ मुलूख. यशवंत सेक्शन कमांडर होता, हाताखाली मोजकीच माणसं. चढाई करताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्या सेक्शनमधला एकही जण उभा राहिला नाही. कुणी मेला, कुणी जखमी झाला. उरला एकटा यशवंत. तो तसाच मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही गार केले. टॉमीगननं आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांवर दस्त्याचे घाव घातले. ठाणं हाती आलं, पण लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे ब्रिटिश फौजेतला शौर्याचा सगळ्यात मोठा सन्मान. इटलीतल्या कसिनोच्या युद्धस्मारकावर त्याचं नाव कोरलेलं आहे.

सन्मानपत्र वाचलं की एवढंच कळतं, काही मिनिटांचं. आधीची बावीस वर्षं त्यात नाहीत. तो कुस्ती खेळायचा का, गावाकडं पत्र कुणाकडून लिहून घ्यायचा, जखमी पडलेल्या त्या पोरांशी आदल्या रात्री काय बोलला असेल, यातलं काही नाही. मला खरी चुटपुट त्याची लागते.

इंग्रजांच्या लढाईत मेला, त्याचं काय कौतुक, असं काही जण म्हणतात. त्यांना मी एवढंच सांगेन की लढाई त्यानं ठरवली नव्हती. पण आपली माणसं पडल्यावर मागं फिरायचं नाही, हे त्याचं त्यानं ठरवलं. इटलीतल्या लोकांनी हे ओळखलं. २०२३ साली मोंतोने गावानं त्याच्या नावानं छायाघड्याळाचं स्मारक उभारलं.

इटलीच्या त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय जवान कामी आले. आपल्या जिल्ह्यातही घरटी फौजी देणारी गावं आहेत, सैनिक टाकळीचं तर नावच तसं पडलं. तेव्हा श्रोतेहो, तुमच्या भावकीत कुणी लढाईत गेलेला असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. पराक्रम राहू द्या, तो सरकारी कागदात सापडेल. त्याला जेवायला काय आवडायचं, रजेवर आला की पहिल्यांदा कुणाच्या दारात जायचा, हे विचारा आणि तारीख घालून वहीत लिहून काढा. पेन्शनची कागदं, फोटो, पत्रं असतील तर त्याच वहीबरोबर ठेवा. या आठवड्यातच बसा, कारण सांगणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीला टेकली आहेत.

नमस्कार.