चार्ल्सटनच्या डोंगरावरचे चौदा जण आणि एक स्काउट मास्तर

नमस्कार मंडळी. शाळेत ज्यांनी स्काउटचा गणवेश घातलाय, त्यांना 'खरी कमाई' आठवत असेल. भेळेचा स्टॉल लावायचा, कुणाच्या सायकली पुसून द्यायच्या आणि जमलेली चिल्लर मोजून सरांच्या हातात ठेवायची.

अमेरिकेतही हीच स्काउट चळवळ आहे. तिथली सगळ्यात वरची पायरी म्हणजे ईगल स्काउट. त्यासाठी किमान २१ बॅज मिळवावे लागतात, आणि वयाची १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत एक सेवा प्रकल्प तडीस न्यावा लागतो. हा प्रकल्प स्काउट संघटनेच्या फायद्याचा चालत नाही, तो गावाच्या, शाळेच्या किंवा देवळा-चर्चच्या कामाचा हवा. परवानग्या आधी घ्यायच्या. आणि मुलानं एकट्यानंच राबून भागत नाही, चार जणांना सोबत घेऊन त्यांच्याकडून काम करवून घ्यायचं. कुणी बाग साफ करतं, कुणी पायवाट बांधतं. काही मुलं आपल्या गावाजवळ पडलेल्या लष्करी विमानातल्या माणसांचं स्मारक उभारतात.

असा फलक लावायचा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खड्डा, सिमेंट, दगड येतो. पण त्या दगडावर नावं कुणाची कोरायची, ते आधी कळायला हवं ना? तेवढ्यासाठीच मी आज तुम्हाला लास वेगासजवळची एक हकिगत सांगणार आहे. ती स्काउटांच्याच वाटेनं पुढे आली.

१७ नोव्हेंबर १९५५. कॅलिफोर्नियातल्या बरबँकहून सी-५४ जातीचं, चार इंजिनांचं लष्करी वाहतूक विमान नेवाडाकडे निघालं. जायचं होतं ग्रूम लेकला. आज जग ज्याला एरिया ५१ म्हणतं, तीच ही जागा. तिथे यू-२ नावाच्या हेरगिरीच्या विमानाच्या चाचण्या चालू होत्या. ७०,००० फुटांवरून सोव्हिएत संघाचे फोटो काढणारं हे विमान, आणि सगळं काम गुप्त. सी-५४ मध्ये १४ जण होते. वैमानिक जॉर्ज पॅपास आणि त्यांचे हवाई दलातले सहकारी, सीआयएची माणसं, यू-२ बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीचे लोक.

वाटेत हिमवादळ लागलं. खाली ढग, समोर बर्फ, आणि गुप्ततेपायी रेडिओवर बोलायचं नाही. विमान वाटेवरून सरकलं आणि माउंट चार्ल्सटनच्या कड्यावर आदळलं. डोंगराची उंची ३,६३२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. कड्याची धार थोडक्यात चुकली. थोडं वर असतं तर पार झालं असतं. कुणीही वाचलं नाही.

यू-२ प्रकल्पात एका वेळी सर्वात जास्त माणसं गेली ती या अपघातात.

आता घरच्यांचा विचार करा. नवरा कामावर गेला आणि विमान पडलं, एवढंच त्यांना कळलं. तो तिकडे कशासाठी चालला होता हे सांगायला कुणीच तयार नव्हतं. मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, तरी बाबांच्या मरणाचं कारण घरात कुणाला माहीत नव्हतं. मला या सगळ्या हकिगतीत सर्वात जास्त टोचतं ते हेच. शोक करायला घरच्यांना मोकळीक होती, विचारायला नव्हती.

१९९८ च्या सुमारास लास वेगासमधले एक स्काउट मास्तर या अपघाताच्या मागे लागले. विमानाचे फाटलेले, चुरगळलेले पत्रे डोंगरावर पडलेले होते. शिखराकडे चालत जाणारे लोक ते बघून पुढे जायचे. या गृहस्थांना मात्र राहवेना. हे विमान कुणाचं? आत कोण होतं? कागदपत्रांवरची गुप्तता उठत होती. त्यांनी ते कागद मिळवले, एकेक कुटुंब शोधून काढलं आणि त्यांना कळवलं की तुमचा माणूस अमुक कामासाठी निघाला होता.

ते काही ईगलसाठी धडपडणारं सोळा वर्षांचं पोर नव्हतं, मोठा संसारी माणूस होता. तरी विचारण्याची ती सवय मला स्काउटांचीच वाटते. पुढे पैसा, जागा, परवानग्या, सगळं जमवता जमवता बरीच वर्षं गेली. २०१५ मध्ये डोंगराच्या पायथ्याशी, काइल कॅन्यनमधल्या पर्यटक केंद्रात स्मारक झालं. नाव ठेवलं शीतयुद्धाचे मूक वीर.

आपल्यापैकी बरेच जण कॅलिफोर्नियात आहेत, लास वेगासला फिरायला जातात. गाडी काढून काइल कॅन्यनला नक्की जा. शिखराच्या वाटेवर चढणार असाल तर पत्र्याचा एकही तुकडा खिशात घालू नका. चढायच्या आधी खाली स्मारकापाशी थांबा आणि चौदाही नावं मोठ्यानं वाचा. सोबत पोरं असतील तर त्यांना वाचायला सांगा.